डावीकडचा मागचा स्पीकर

१२ जानेवारी २००५
बुऱ्हाणपूरला पोचले! स्टेशनवर दिगंबरराव हार घेऊन उभे. या वयात! मला इतकं हसू आलं की हमालही हसायला लागला. रजिस्टर लग्न भुसावळला झालं, पण घर आज पाहिलं. बुधवारा भागात, कापडाच्या दुकानावर, ऊन येणाऱ्या दोन खोल्या. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बेनेडिक्ट गाताना मला नेहमी मागच्या रांगेत उभं करायच्या. पुढे डोरोथी, तिचा आवाज गोड म्हणून. सिस्टर, आज बघा, मी पुढे आहे.

आतल्या खोलीत कॉम्प्युटर आहे आणि एका कपाटात कॅसेटी. त्यांची पहिली बायको कौतिक, जवळच्या फोपनार गावची. जात्यावरची, लग्नातली गाणी म्हणायची. तिला जाऊन चार वर्षं झाली. तिच्या गाण्यांची सीडी करून ते फोपनारला वाटणार आहेत. ऐकणाऱ्याच्या चारी बाजूंनी केळीची पानं सळसळतील, बायका ओळ झेलून धरतील आणि मधोमध कौतिक. पण लहानपणी गालगुंडात त्यांचा डावा कान गेला. एका कानाला आवाज कुठून येतो ते कळत नाही. म्हणाले, मालतीबाई, तुमचे कान मला द्या.

मला ते मालतीबाई म्हणतात. तिला नुसतं कौतिक.

१४ जानेवारी, संक्रांत
नणंद भागाबाई तिळगूळ आणि चांदीचा टाक घेऊन आल्या. टाकावर कौतिकची प्रतिमा. आमच्यात दुसरी आली की पहिलीला गळ्यात घालते, म्हणाल्या. नवं लुगडं आधी तिला, मग तुला. घासही आधी तिचा. "ती पुढं, तू मागं. हे इसरू नको, वहिनी."

मी म्हटलं, मी नन्सच्या हाताखाली वाढले, मला हे जमायचं नाही. त्यावर भागाबाई म्हणाल्या, "तुही सिस्टर काय तुह्या सवतीले वळखते का?" दोघीही हसलो. टाक ड्रॉवरमध्ये टाकला. काळी साडी आधी मीच नेसले.

१७ जानेवारी
साउंड कार्ड बघायला कॉम्प्युटरवाल्या सुरेशच्या दुकानात गेलो. कॉम्प्युटरमध्ये आहे त्यावर दोनच स्पीकर चालतात. सुरेशने गेमचं कार्ड पुढे केलं. "आंटीजी, गोली सीधी कान के बाजू से जाएगी!" मी ऐकलं. आवाज ते स्वतःच्या मनाने खोलीभर फिरवतं आणि गाणं थांबलं की बारीक खरखर उरते. दिगंबरराव त्यावरच राजी होते. मी हट्टाने दुसरं मागवायला लावलं, इंदूरहून. त्यात प्रत्येक स्पीकरला आपली वेगळी वाट, खरखर नाही, आणि ज्याला जिथे ठेवाल तिथेच तो राहतो.

त्यांना म्हटलं, स्वच्छ ऐकू येईल. खरं कारण इथेच लिहिते. दोन स्पीकरवर ती बरोबर मध्ये गाते, त्यांच्या आणि माझ्या मध्ये. या कार्डावर तिला मागे पाठवता येतं.

२१ जानेवारी
कार्ड बसलं. पुढे तीन स्पीकर, मागे दोन, खाली जाड आवाजाचा डबा. रिकामं खोकं माळ्यावर टाकताना टाकही त्यात टाकून दिला.

मी मधल्या खुर्चीत, ते माझ्या पुढे, कीबोर्डपाशी. विचारलं, कौतिक कुठे शोभते? मी म्हटलं, मागे. डावीकडच्या कोपऱ्यात. त्यांनी सरकवलं. तिकडे त्यांचा मेलेला कान. मान तिरकी करून त्यांनी विचारलं, सुरू आहे ना? मी म्हटलं, फार गोड लागतंय.

दिवसभर मी गुणगुणत होते. संध्याकाळी त्यांनी पहिल्यांदा माझ्या आमटीची स्तुती केली.

२४ जानेवारी
आज ती उजवीकडून गायली. मागून, पण उजवीकडून. त्यांनी हलवलं असेल. विचारलं, तर नाही म्हणाले. पडद्यावर पाहिलं, ती डावीकडेच होती.

२५ जानेवारी
बांगड्या वाजतात. दिगंबरराव म्हणाले, शक्य नाही, रेकॉर्डिंगला मी तिला बांगड्या उतरवायला लावायचो. त्यांना ऐकू येत नाहीत. मला येतात. आता पुढच्या उजव्या स्पीकरपाशी.

२७ जानेवारी
भर दुपारी मागच्या स्पीकरांच्या वायरी मी स्वतः उपटल्या. केळीची पानं तरीही मागे सळसळतात. ती प्रत्येक ओळीआधी श्वास घेते — तो माझ्या मानेवर लागतो. गार.

भागाबाईंना फोन केला. म्हणाल्या, तू तिला मागं बसवलं का? घाल आधी टाक. आत्ता घाल.

२८ जानेवारी
खोकं काढलं. रिकामं.

टाक माझ्या गळ्यात आहे. आरशात दिसला. दोरा काळा, गच्च, गाठ कुठेच नाही. कात्री लागत नाही. आणि त्यावरच्या बाईच्या नाकाशी तीळ — माझ्या आहे तिथेच —

२९ जानेवारी
बोलले तर आवाज तोंडातून येत नाही. थोडा मागून येतो. त्यांना सांगितलं. ते म्हणाले, जरा मोठ्याने बोला ना.

३० जानेवारी
आज त्यांनी मला मालतीबाई म्हटलं नाही. दिवसभरात एकदाही. ताट वाढलं — पहिला घास माझ्या हाताने उचलला, मी नाही. ते गोड हसले. म्हणाले, चव ओळखीची —

३१ जानेवारी
हात अजून माझा. म्हणून लिहिते.

त्यांनी मला मधल्या खुर्चीत बसवलं आहे. ती मध्ये गाते आहे — माझ्या गळ्यातून. ते वळले, डोळे भरलेले, विचारलं, कौतिक, आता बरोबर आहे ना? माझ्या ओठांनी हो म्हटलं.

मी नाही म्हणते आहे. ओरडून. मागून, पानांतून — डावीकडच्या कोपऱ्यातून — दिगंबरराव, इकडे, डावीकडे, डावा कान —