वेळशेतचा बंबखाना आगीचा आहे

मागच्या शुक्रवारी माझा मुलगा जियाद याने जेवणाच्या टेबलावर एक नकाशा पसरला. वेळशेत, जिल्हा रायगड येथील माझ्या मालकीच्या बंबखान्याचा त्यात 'जुना शाही हमाम' झाला होता आणि आत पाहुण्यांसाठी मालिशच्या खोल्या काढल्या होत्या. त्यामुळे हे लिहिणे भाग पडले.

मी, रुकैया वली खानजादे, वय सदुसष्ट, बी.ए., राहणार अल वक्रा, कतार. डोके ठिकाणावर आहे, रक्तदाब गोळीने आवरलेला आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. माझ्या घरात लिहून दिल्याशिवाय कोणी ऐकत नाही, एवढेच.

१. मी जिथे मरेन तिथेच दफन करावे. पेटीत घालून विमानाने नेऊ नये.

२. शरीयतप्रमाणे वारसांच्या संमतीशिवाय मृत्युपत्राने मला फक्त एक तृतीयांश देता येते. बाकीचे वारसांचे. पनवेलचा फ्लॅट आणि बँकेतील उरलेली ठेव जियाद व माझी मुलगी सुमैया यांनी ठरलेल्या हिश्श्याने घ्यावी. भांडू नये. भांडायचेच असेल तर मराठीत भांडावे. इंग्रजीत तुम्ही दोघे फार सभ्य होता आणि मग वर्षभर बोलत नाही.

३. माझे पती कै. वली इथे मेसईदला फिटर होते. त्यांची हत्यारपेटी उस्मानला द्यावी, तो त्यांच्या हाताखाली शिकला. त्यातला मोठा पाइपपाना आधीपासून त्याच्याकडेच आहे. मला हे माहीत नाही असे त्याला वाटते.

४. माझा मराठी शब्दकोश अल अझीझियाच्या मधुराबाईंना. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या होत्या, "तुम्ही सुदानच्या ना? मराठी किती छान शिकलात!" मी म्हटले, "मी रायगडची. तुम्ही कुठे शिकलात?" पुढे आमची चांगली मैत्री झाली. तरी शब्दकोश त्यांनाच.

५. आता बंबखाना. आम्ही सिद्दी. आमचे पूर्वज आफ्रिकेतून आले आणि कोकणात इतक्या पिढ्या राहिले की आफ्रिकेतले गाव कोणते, हे कोणालाच ठाऊक नाही. संस्थानी काळात वेळशेतचा हातबंब आमच्या मोहल्ल्याकडे होता. माझे आजोबा त्याचे जमादार. बाजारात आग लागली की आरोळी उठे, "हबशांना बोलवा!" सुक्या मासळीच्या वखारी पेटल्या तेव्हा आमच्या माणसांनी बंब ओढत नेऊन अख्खी पेठ वाचवली. नंतर पेठेने त्यांना पाणी पाजले, ते मागच्या दाराने. पुढे मोटारबंब आला, तेव्हा आजोबांनी ती रिकामी इमारत रीतसर विकत घेतली.

हे सगळे मी जियादला परत सांगितले.

"अम्मी, बंब म्हणजे अंघोळीचं पाणी तापवतात तोच ना? म्हणून हमाम. सिंपल."

"आगीचा बंब, गाढवा."

"गेस्टना काय कळतंय?"

"गेस्टना नाही कळलं तरी चालेल. तुला कळायला हवं होतं."

माझ्या मागे तो संमती देणार नाही, आणि बंबखाना एक तृतीयांशात बसतो की नाही यावर वकील पोसले जातील. म्हणून बंबखाना मी या मृत्युपत्राने देत नाही. जिवंतपणीच हिबा करते. हिबा म्हणजे बक्षीस, आणि ते ताबा दिल्यावर पुरे होते.

घेणार: सिद्दी मोहल्ला युवा केंद्र, वेळशेत. त्यांच्या वतीने माझ्या चुलतभावाची मुलगी नूरैन. ती गावच्या शाळेत खेळ शिकवते, सध्या व्हिजिट व्हिसावर माझ्याकडे आहे. मोहल्ल्यातली मुले दहावी होताच इकडे यायच्या गोष्टी करतात, मुलींना तर बसायला कट्टाही नाही. इथे अभ्यास, खेळ, नाटक, हवे ते करावे. मुलींची वेळ 'मुलांचे झाल्यावर' अशी नसावी. बंब झटकन बाहेर पडावा म्हणून दार रुंद ठेवलेले आहे, ते बुजवू नये. पाटीवर माझे नाव नको. 'बंबखाना' लिहावे आणि त्याच्या आधी ठळक अक्षरांत 'आगीचा'.

६. माझ्या ठेवीच्या एक तृतीयांशातून त्याचे छप्पर दुरुस्त करावे. उरल्यास कौले जास्तीची घेऊन ठेवावीत. माकडे आहेत.

सर्व वाचून, चष्मा लावून सही केली.

रुकैया वली खानजादे
अल वक्रा, १४ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार: किसन जालिंदर घोगरे, क्रेनचालक, मेसईद. अफशां जैद मुकादम, शेजारीण.

ताब्याची नोंद, त्याच दिवशी, त्याच खोलीत:
बंबखान्यातले माझे सामान गावच्या अबूबकरने आधीच हलवले आहे. जियाद हजर होता. हरकत आहे का, असे मी त्याला तीनदा विचारले. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "खलास, अम्मी. दे." पुढच्या दाराची किल्ली, मागच्या दाराची किल्ली आणि घरपट्टीची पावती नूरैनच्या हातात दिली. मागच्या दाराची किल्ली तिने मला परत करून पाहिली, "फुफू, ते दार आम्ही भिंत घालून बंद करणार आहोत." मी परत घेतली नाही. दार आता त्यांचे आहे.

मिळाले: नूरैन