मंजूच्या फोनात ॲप नाही

३ ऑक्टोबर, दारव्हा
मंजूचा फोन, सासरहून, महागावहून. तिच्या शेजारच्या रेखाबाईच्या नंबरवरून. सुनीलनं तिच्या फोनातले गप्पांचे, फोटोचे सगळे ॲप काढून टाकले. तो कॉलही तपासते. म्हणे, नवऱ्याघरच्या गोष्टी बहिणीले कायले सांगतं.

५ ऑक्टो.
तिले सांगतलं, ॲप घेऊच नको. ब्राउझरात साइट उघड, लॉगिन कर, मेनूतून होम स्क्रीनवर टाक. ॲपसारखंच चालते. सुनील स्टोअरमधली यादी पाहते, तिथं हे दिसत नाही. आयकन मागच्या पानावर ठेवला तिनं. संध्याकाळी पहिला मेसेज आला, "वैशू, जमलं."

९ ऑक्टो.
तो वावरात गेला की लिहिते. आज लिहिलं, ताट फेकलं, लागलं नाही. पुन्हा विचारलं तर, "थोडं लागलं. हातावर." म्हटलं, इकडं निघून ये. "सोयाबीन घरात येऊ दे, मग पाहू."
बाबाले सांगतलं. "नवराबायकोच्या मधात पडू नये."

१३ ऑक्टो.
सकाळी विचारलं, हात डॉक्टरले दाखवला का? उत्तर नाही.
मग रेखाबाईचा फोन. माझा अंदाज, साइटनं नोटिफिकेशनचं विचारलं, मंजूनं न वाचता 'हो' दाबलं असंल. फोन सुनीलच्या हातात, अन् माझा मेसेज वर आला. दार लावून मारलं. रेखाबाई म्हणे, "मी मधात गेली नाही. मलेही इथंच राहाचं आहे."


१४ ऑक्टो.
उत्तर आलं. "मी बरी आहे ताई. भेटायला येऊ नये."
मंजू मले जन्मात ताई म्हणाली नाही. बाबा ते वाचत बसले. मग म्हणाले, "सकाळच्या बसनं जाऊ."

१५ ऑक्टो., महागाव
सुनील अंगणातच. "ताप आहे, झोपली." मी सरळ आत. ओठ फाटलेला, डावा डोळा उघडत नाही. सासू दारात उभी. म्हटलं, "चल." मंजूनं भिंतीकडं तोंड केलं. "तू जा वैशू. मी आली तर तो तिथं येईन."
बाहेर बाबा जावयाशी बोलून राह्यलते. हात जोडून. त्यानं आम्हाले चहा विचारला.

आता स्टँडवर. पोलीस ठाणं रस्त्यापलीकडंच आहे. बाबा म्हणते, तिचीच मर्जी नाही तर आपण कोण. दारव्ह्याची गाडी लागली. बाबा चढले, खिडकीतून बोलावून राह्यले.
मी अजून बाकावरच, नजर ठाण्याच्या दाराकडं.