मेहुण्याविरुद्ध एकेचाळीस नोंदी

४ मार्च, मंगळवार
बागेची जागा पार्किंगला देणार म्हणतात. देऊन दाखवा. आजपासून लढा गाडीतून. डिकीत भोंगा बसवला, स्वतःच्या हातांनी. पट्टीला एक बोल्ट कमी पडत होता. डिकीच्या कोपऱ्यात चार काळ्या वायरी एका बोल्टखाली उगाच आवळून ठेवलेल्या दिसल्या. बोल्ट अगदी मापाचा निघाला. वायरींना टेप गुंडाळून बाजूला सारलं. बायको म्हणाली, त्या कशाच्या आहेत ते कोणाला विचारा तरी. विचारत बसलो असतो तर आयुष्यात एकही आंदोलन उभं राहिलं नसतं.

संध्या. ६.४०
ब्रेक दाबला की मागच्या काचेवरचा वायपर आपोआप फिरतो. गंमत आहे.

६ मार्च
गंमत नाही. उजवा इंडिकेटर दिला की पेट्रोलचा काटा नाचतो. नंतर एबीएसचा पिवळा दिवा. त्यामागून इंजिनाचा. डॅशबोर्डवर रोषणाई.
ही गाडी चार महिन्यांपूर्वी मेहुण्याकडून घेतली. बायकोचा थोरला भाऊ. बारा वर्षं वापरली, एकदाही दिवा लागला नाही म्हणे. म्हणे! किल्ली माझ्या हातात ठेवताना तो हसला होता. तेव्हा वाटलं, प्रेमाने. आता त्या हसण्याचा अर्थ लागला.
संकल्प: स्वतंत्र वही. रकाने चार. तारीख, वेळ, दोष, जबाबदार. शेवटचा रकाना आधीच भरून ठेवला, म्हणजे घाईत राहून जायला नको.

८ मार्च
ऑटो इलेक्ट्रिशियनकडे. त्याने विचारलं, गाडीत नवीन काही बसवलंय का? म्हटलं, परक्या माणसाचा हात या गाडीला लागलेला नाही. हे शंभर टक्के खरं आहे. मग म्हणाला, डिकी रिकामी करून द्या, मागची अर्थिंग बघतो, म्हणजे वायरी पत्र्याला नीट आवळलेल्या आहेत का ते. डिकीत भोंगा आणि दोनशे पत्रकं. डिकी रिकामी करायची म्हणजे लढा फुटपाथवर ठेवायचा. नकार दिला. जाता जाता त्याला कारागिराच्या प्रामाणिकपणावर दहा मिनिटं सांगितलं. ऐकताना स्पॅनर हातात होता, पण माणूस विचारात पडलेला दिसला.
त्याने दिवे घालवून दिले. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत विझलेले राहिले, मग पुन्हा लागले.

११ मार्च
स्कॅनर मागवला. गाडीला जोडला की फोनवर दोष वाचता येतो. तीन कोड आले. तिन्हींचा अर्थ एकच: संपर्क तुटला आहे. यंत्रालाही कळतं. मीसुद्धा मेहुण्याशी संपर्क तोडला. बायकोवर बंदी नाही, मी तसला माणूस नाही. फक्त एवढंच म्हणालो की, स्वाभिमानी घरातून त्या घरी फोन जात नसतो. आता ती गॅलरीत जाऊन, दार लावून घेऊन बोलते.

१४ मार्च
बागेसमोर सभा. गाडी आडवी लावली, भोंगा चालू केला. बारा मिनिटांत लोक पेटले. तेराव्या मिनिटाला मागचा वायपर सुरू झाला आणि माझ्या प्रत्येक वाक्यावर नाही, नाही करत राहिला. पुढच्या रांगेतल्या बायका पदराआड हसल्या. आयुष्यात माझ्या सभेत असं कोणी हसलं नव्हतं.
मेहुण्या, याचा जाब द्यावा लागेल.

१७ मार्च
रविवारी सासऱ्यांची पंचाहत्तरी. भाषण मीच करावं असा त्यांचा निरोप. संधी आपल्या पायांनी चालत आली. अकरा पानं लिहिली. दोन सासऱ्यांवर, नऊ मेहुण्यावर. नाव घेणार नाही. फक्त 'याच सभागृहात बसलेली एक व्यक्ती' म्हणून तिकडे पाहीन.
बायकोने पानं वाचली. ओरडली असती तर मी तयारीत होतो. ओरडली नाही. घडी घालून परत देत म्हणाली, "हे वाचलंत तर मी त्याच दिवशी दादाकडे राहीन. गाडी तुम्ही एकटे घेऊन या, सगळ्या दिव्यांसकट."
हा भावनिक दबाव आहे. तत्त्वापुढे घर येत नाही.

२० मार्च
थोडी माघार. सासऱ्यांवरची दोन पानं एकात बसवली.

२२ मार्च
नोंदी एकेचाळीस. स्वच्छ अक्षरात उतरवल्या. साक्षीदार: समोरचे निवृत्त पोस्टमास्तर. ते त्या वेळी झोपले होते, पण सही करायला तयार आहेत.
बायकोने बॅगेत दोन साड्या जास्त भरल्या. एका दिवसाच्या कार्यक्रमाला. पाहिलं, पण विचारलं नाही.

२३ मार्च, रविवार, स. १०.२०
उड्डाणपुलाच्या मधोमध गाडी बंद. सगळे दिवे एकदम. काही दिवे तर मी आजवर पाहिलेलेही नव्हते. बायकोला म्हटलं, कोणालाही फोन कर, त्याला सोडून. तिने त्यालाच केला.

११.०५
आला. नव्या कोऱ्या शर्टात. दोरी बांधायचा हूक डिकीत असतो म्हणाला. डिकी उघडायची नाही, असं मी बजावलं. त्याने उघडली. पत्रकं काढून बायकोच्या हातात दिली. मग भोंग्याकडे बराच वेळ पाहत राहिला.
"भाऊजी, हा बोल्ट इथे कसा आला?"
मी त्याला बागेच्या जागेचा इतिहास सांगायला घेतला. तो मान डोलावत ऐकत होता. ऐकता ऐकता टेप सोलली, वायरींची टोकं रुमालाने पुसली, भोंग्याचा बोल्ट काढला, कोपऱ्यात होता तिथे वायरींवर आवळला. मी दुसऱ्या मुद्द्यापर्यंतही पोहोचलो नव्हतो.
चावी फिरवली. सुरू. एकही दिवा नाही.
मी वाट पाहत होतो. त्याच्या जागी मी असतो तर पुलावरची रहदारी थांबवून सांगितलं असतं. तो हात पुसत बायकोला म्हणाला, "गाडी जुनी झाली गं आता. होतं असं."
बस्स. एवढंच.
बायकोने बोल्टकडे पाहिलं. मग माझ्याकडे. माझ्याकडे जास्त वेळ.

दु. ४.१५
भाषण झालं. एक पान. 'याच सभागृहात बसलेली एक व्यक्ती' त्यात आली नाही. सासरे म्हणाले, जावईबापूंच्या भाषणानंतर जेवण गरम मिळण्याची ही पहिलीच वेळ.

संध्या. ७.३०
परतलो. दोघं. जास्तीच्या साड्या घडीही न मोडता परत आल्या. बोल्ट नसलेला भोंगा वाटभर मागच्या सीटवर खडखडत होता. डॅशबोर्ड काळाकुट्ट. बायको म्हणाली, किती शांत वाटतं ना.
निरोप देताना मेहुण्याने हातात कागदाची पुडी ठेवली होती. आत नवा बोल्ट. भोंग्यासाठी म्हणाला, आणि किल्ली देताना हसला होता तसाच हसला. प्रेमानेच हसतो तो. बारा वर्षं तसाच हसत असणार.

८.१०
वही काढली. पहिली नोंद: ४ मार्च, ६.४०, भोंगा बसवून बाहेर पडताच. अक्षर माझंच. शेवटच्या रकान्यातला 'मेहुणा' खोडायला बसलो. सहा नोंदी खोडून थांबलो. बायकोने वही ओढून घेतली. उरलेले पस्तीस तिने खोडले, आणि खोडलेल्या जागी कोणाचं नाव लिहायचं, ते मला विचारलं नाही.