पिवळ्या गोलाबाहेर

मेनूथ, गुरुवार, १८ फेब्रुवारी २०२१

प्रिय उल्का,

पत्र बघून दचकू नकोस. तुझी पूर्वा ठणठणीत आहे. आत्ता खाली स्वयंपाकघरात माझ्या नवऱ्याला, शैलेंद्रला, पोळी गोल कशी लाटायची ते शिकवते आहे आणि दोघेही सारखेच नापास होत आहेत. हे पोस्टाने टाकलं तर तुला अमरावतीत उन्हाळ्यात मिळेल, म्हणून पानांचे फोटो काढून पाठवणार आहे. फोन केला असता, पण फोनवर तू मला दुसऱ्या वाक्याला अडवतेस आणि तिसऱ्याला रागावतेस. कागदाला तसं करता येत नाही. शेवटपर्यंत वाच, मग काय रागवायचं ते रागाव. खांद्याची चौकशी मी नेहमीप्रमाणे करत नाही, आणि का करत नाही ते आपल्या दोघींना ठाऊक आहे.

सगळ्यात वाईट गोष्ट आधी सांगून टाकते. तुझ्या मुलीने इथे एका हरणाला बाण मारला. या देशात धनुष्यबाणाने शिकार करायला बंदी आहे. शिकार करायची तर परवाना लागतो आणि रायफल लागते. वन्यजीव खात्याचा माणूस घरी येऊन जबाब घेऊन गेला. तू तिला दिलेलं लाल धनुष्य तो सोबत घेऊन गेला आहे. सरकारी पत्र येईल म्हणाला, ते अजून आलेलं नाही. पूर्वाच्या व्हिसाची मुदत सप्टेंबरमध्ये संपते, तेव्हा हे आडवं येईल की नाही हे कोणीच छातीठोकपणे सांगत नाही. रोज सकाळी पोस्टमनची हिरवी गाडी वळणावर दिसली की मी दारापाशी जाऊन उभी राहते.

आता पहिल्यापासून सांगते. जानेवारीत पुन्हा कडक लॉकडाऊन लागला, विद्यापीठ बंद, क्लब बंद, घरापासून पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही. पूर्वाच्या वसतिगृहात चार मुली उरल्या होत्या, म्हणून मी तिला आमच्याकडे घेऊन आले. आमच्या मागच्या कुंपणापलीकडे डोनल ब्रेडी या शेतकऱ्याची जमीन आहे. सत्तरी उलटलेला, एकटा, फार मिस्कील. त्याने गवताच्या शेडजवळ पूर्वाला टार्गेट उभं करू दिलं. वर्क अवे, म्हणजे खुशाल कर, म्हणाला, फक्त माझ्या गाई सोड. रोज दुपारी ती जाड जॅकेटवर आर्मगार्ड बांधून जायची आणि मी कुंपणाशी चहाचा कप घेऊन डोनलशी गप्पा मारायची. लॉकडाऊनमध्ये मला तेवढीच करमणूक होती.

डोनल शिकारी आहे, परवानावाला. त्याच्या शेताच्या टोकाला जंगल आहे आणि तिथून फॅलो जातीची हरणं बार्ली खायला येतात. आपल्या चितळासारखीच, पण हिवाळ्यात ठिपके पुसट होऊन अंग करडं होतं, आणि नरांची शिंगं पसरट. डोनलने दुर्बीण देऊन मला त्यांची वयं ओळखायला शिकवलं. मी पहिल्या दिवशी सगळ्यात मोठ्या शिंगांच्या नराकडे बोट दाखवून हा आजोबा म्हटलं, तर तो हसून हसून खोकायला लागला. शिंगं बघायचीच नाहीत, संध्या. चांगलं खायला मिळालं तर पोरसवदा नरालाही टोलेजंग शिंगं येतात, आणि म्हाताऱ्याची उलट आखडत जातात. आधी पाठ बघ, झोळ पडलाय का. पोट बघ, लोंबतंय का. मान छातीला कुठे मिळते ते बघ, चालताना डोकं वर आहे की खाली ते बघ. शिंगं सगळ्यात शेवटी. मग स्वतःचं पोट पुढे काढून म्हणाला, शंका आली तर माझ्याकडे बघायचं. त्या कळपापासून वेगळा राहणारा एक खरोखरचा म्हातारा नर होता. या हिवाळ्यात तो टिकणार नाही, हाल होण्यापेक्षा मीच त्याला पाडेन, असं डोनल म्हणायचा. पूर्वा बाण उपटता उपटता हे सगळं ऐकत असायची.

गेल्या शनिवारी संध्याकाळी ती परत आली ती थेट वर गेली. थोड्या वेळाने मी टॉवेल काढायला हॉट प्रेस उघडलं, म्हणजे पाण्याच्या टाकीशेजारचं ते गरम कपाट, तर टॉवेलांच्या मागे तुझं लाल धनुष्य. दोरीसुद्धा उतरवलेली नव्हती. जी मुलगी जेवायच्या आधी धनुष्य पुसते तिने ते असं कोंबलेलं बघून मी टॉवेल न घेताच कपाट बंद केलं. जेवताना तिने सांगितलं. मावशी, मी हरणाला मारलं. पण तो म्हाताराच होता गं, डोनल म्हणत होता ना तो जायलाच हवा, तोच. लागलाय, पण पडला नाही, जंगलात पळाला.

तुला वेगळं सांगायला नको, उल्का. तिचं धनुष्य अडतीस पाऊंड ताणाचं, बाणाला टार्गेटचं बोथट टोक. त्याने जनावर मरत नाही, नुसतं भोसकलं जातं. शैलेंद्रचं पहिलं वाक्य होतं की कोणाला काही बोलू नका, तिचं करिअर आहे. मी त्याच्याकडे एकदा बघितलं आणि डोनलला फोन लावला. त्याने आधी हरीण कुठल्या दिशेने पळालं ते विचारलं. मग म्हणाला, अंधारात मागे लागलो तर तो आणखी लांब पळेल. उजाडल्यावर या. मुलीलाही आणा, बघितलंय तिने.

सकाळी सगळं शेत दवाने गोठलं होतं. बाण लागला तिथे डोनलने गुडघ्यावर बसून रक्त बोटावर घेतलं आणि हुंगलं. काळपट होतं, त्यात चघळलेल्या गवताचे कण. पोटात लागलाय, म्हणाला. म्हणजे तो लगेच मरणार नाही, दिवसभर तडफडेल, आणि आपण चुकलो तर उद्याही. त्यावरही पूर्वा मागे फिरली नाही. डोनलचा लॅब्रॅडॉर पट्ट्याला ओढत पुढे आणि आम्ही तिघं मागे. ओढ्यापाशी माग तुटला. पाण्यातून गेला तर कुत्र्यालाही वास लागत नाही.

म्हातारा जखमी झाला की एकटा दाट झाडीत शिरून बसतो, असं म्हणून डोनलने आम्हाला लॉरेलच्या गचपणाकडे नेलं. वारा तोंडावर होता. आणि खरंच तिथे तो उभा होता. डोनलने काठ्यांच्या तिकाटण्यावर रायफल टेकवली. मी दुर्बीण लावली. पाठीला झोळ, पोट लोंबलेलं, मान खाली, शिंगं आखडलेली, एकूण एक खुणा बरोबर. पण अंगावर रक्त कुठे दिसेना. दुसरी बाजू आमच्याकडे नव्हती. डोनलचं बोट चापावर गेलेलं मला दिसत होतं. मी पूर्वाच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, हाच का? तिने मान हलवली. नाही, शिंगं खूप मोठी होती. मग पाठ कशी होती? पोट? मान? तिला काहीही सांगता येईना. फक्त शिंगं, आणि पुढच्या पायामागचा तो एक ठिपका, जिथे तिने नेम धरला होता.

मी डोनलच्या बाहीला हात लावला. रायफल खाली आली. मी कुजबुजत सांगितल्यावर त्याने डोळे मिटले आणि हळूच एक शिवी दिली, पूर्वाला नाही, स्वतःलाच. मोठी शिंगं, म्हणजे हा नव्हेच. तरणा आहे. तरणा नर मरतानाही कळप सोडत नाही, आपण सकाळ चुकीच्या ठिकाणी घालवली.

कळप बार्लीच्या वरच्या अंगाला होता. आम्ही कुंपणाच्या आडोशाने चिखलातून रांगत गेलो. या वयात माझे गुडघे काय म्हणाले ते सोड. पाच नर होते. त्यातल्या दोघांची शिंगं भलीमोठी. त्यातला एक चरत नव्हता. बाकीच्यांच्या जरा मागे, पाठीला बाक काढून उभा होता, आणि बरगडीमागून तुटक्या बाणाचा काळा दांडा बाहेर आलेला. शिंगं विसरून बघितलं तर काय दिसलं सांगू? सडसडीत मान, पोट आत, पाय लांब, अजून भरायचं राहिलेलं अंग. पोरगंच.

त्याच्या बरोबर मागे दुसरा नर होता, त्यामुळे डोनलला गोळी झाडता येईना. एकदा आवाज झाला की कळप उधळणार आणि हा पुन्हा हाती लागणार नाही. आम्ही थिजून पडून राहिलो. वारा फिरला असता तर संपलं होतं. पूर्वाने मान खाली घातली, तेव्हा डोनल रायफलवरून नजर न हलवता तिला म्हणाला, बघ त्याच्याकडे. सगळाच्या सगळा बघ. तिने बघितलं. मागचा नर दोन पावलं सरकला आणि डोनलने गोळी झाडली. तो जागीच बसला, मग आडवा झाला.

डोनलने त्याचा जबडा उघडून दाढा दाखवल्या. धार अजून बोटाला लागत होती. चार वर्षांचा, पाचवं लागलं असेल. पूर्वा तिथेच चिखलात बसली आणि जे इतके महिने कोणाला बोलली नव्हती ते बोलली. ऑक्टोबरपासून तिची बोटं सुटत नाहीत. दोरी हनुवटीपर्यंत येते, नेम टार्गेटच्या मधल्या पिवळ्या गोलावर बसतो, आणि हात कापायला लागतो, बाण सुटतच नाही. शेवटी धनुष्य खाली करावं लागतं. शनिवारी ती फक्त बघायला गेली होती की समोर पिवळं नसलं तर हात कापतो का. ओढून नुसतं धरायचं होतं. हात कापला नाही आणि बोटं आपोआप उघडली. तो म्हातारा असायला हवा होता म्हणून तिने त्याला म्हातारा ठरवून टाकलं. मग तिने स्वतःच डोनलला सांगितलं की ज्या कोणाला कळवायचं त्याला कळवा. डोनलने कळवलं. त्याने तिच्यासाठी चांगला शब्दही टाकला आहे. पण दुसऱ्या दिवशी टार्गेट शेडजवळून उचलून त्याने आमच्या कुंपणाला टेकवून ठेवलं, आणि मला ते बरोबरच वाटलं.

आता तू विचारशील की मग दर रविवारी तुला येत होते ते पिवळ्यात रुतलेल्या बाणांचे फोटो कसले. अगं, ते बाण तिने हाताने खुपसलेले आहेत. टार्गेटसमोर उभं राहून, एकेक करून, पिवळ्यात. पुन्हा काढून बघ. एक बाण वर तोंड करून, एक खाली, एक आडवा. सत्तर मीटरवरून आलेले बाण असे एकाच पिवळ्यात तीन दिशांना उभे राहतात का? गावातल्या कुठल्याही मुलीची चूक तू मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून ओळखतेस. ही तुला दिसली नाही, कारण तूही फक्त पिवळंच बघत होतीस. मला तुझा राग आला आहे, उल्का. लपवत नाही. पोरगी चार महिने एकटीने कापत होती, माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर सुद्धा, म्हणून माझाही आला आहे.

हे तिला विचारून लिहिलं. पुढचं एवढंच फक्त न विचारता लिहिते. जमशेदपूरच्या निवड चाचणीत तू शेजारच्या टार्गेटवर होतीस. तू बांबूचं धनुष्य ओढलंस, धरलंस, खाली केलंस, पुन्हा ओढलंस. तुझं कोपर कापताना मी बघत होते. मग तू लाइनवरून मागे झालीस आणि सरांना खांदा दुखतो म्हणालीस. संध्याकाळी त्या धडधाकट खांद्याला पट्टा मीच बांधला. आजवर सगळी अमरावती तुझ्या खांद्याची हळहळ करते, आणि पूर्वाही तेच ऐकत मोठी झाली, की आईचा खांदा निखळला नसता तर आई खेळली असती. आपल्या घरात हात कापणारी आपण पहिलीच, असं तिला वाटतं. काल मला म्हणाली, मावशी, आईला कळलं तर ती माझं तोंड बघणार नाही. जमशेदपूर माझं नाही, तुझं आहे, ते मी कसं सांगू? रविवारी तू फोन करशील. धनुष्य परत मिळेल का, व्हिसाचं काय, हे मागाहून विचार. स्कोअर तर विचारूच नकोस. आधी तिला जमशेदपूरच्या त्या दिवसाचं सांग.

तुझीच, अजूनही शेजारच्या टार्गेटवर उभी असलेली,
संध्या