खेकडा पॉइंट, कोलशेत

५ जानेवारी
नव्या वर्षाचा संकल्प. चार दिवस उशिरा, पण विचारपूर्वक. विज्ञानात आपलं नाव ठेवून जायचं. बँकेत जन्म गेला, तिथे टेबलावर नावाची पाटी होती, ती रिटायर झाल्या दिवशी शिपायाने माझ्यादेखत काढली. मार्चमध्ये सत्तरी. त्याआधी एक धूमकेतू शोधणे. धूमकेतूला शोधणाऱ्याचं नाव देतात. गच्चीवर दुर्बीण लावली. ठाकुर्लीच्या आकाशात चंद्र दिसला. तो आधीच सापडलेला आहे.

९ जानेवारी
धूमकेतू नाही. समोरच्या टॉवरमधल्या बाईंनी तक्रार केली की दुर्बीण त्यांच्या बाल्कनीकडे असते. सेक्रेटरीने गच्चीची किल्ली काढून घेतली. गॅलिलिओचेही असेच हाल केले होते.

१८ जानेवारी, संध्या. ७
ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर माझं व्याख्यान, 'अंतराळातील नवे शोध आणि आपण'. अत्यंत प्रभावी झालं. समोसे आधी वाटल्यामुळे माणसं टिकली नाहीत. त्र्यंबकरावांनी एकच प्रश्न विचारला, दूरच्या ग्रहावर पाणी सापडलं, पण आपल्याकडे मंगळवारी का येत नाही? या लोकांपुढे विज्ञान म्हणजे गाढवापुढे वाचली गीता.

२५ जानेवारी
ऋजुता आलेली. आमची मुलगी. कोलशेतला भाड्याने राहते आणि खाडीच्या चिखलात उतरून खेकडे मोजते. याला पीएचडी म्हणतात. आज मोबाइलवर फोटो दाखवला, मलाही पाठवला. नखाएवढा खेकडा, नांगी जांभळट. म्हणाली, बाबा, ही नवी जात आहे, जगात कुणी नोंदवलेली नाही, आणि खाडीकाठच्या एका पट्ट्याखेरीज अजून कुठे सापडलेली नाही. पट्टा केवढा, तर बॅडमिंटन कोर्टाएवढा.

मी स्पष्ट विचारलं, याचा उपयोग काय? ती म्हणाली, नवा ग्रह सापडतो तेव्हा तुम्ही उपयोग विचारत नाही. मी म्हटलं, ग्रहाची गोष्ट वेगळी. ती म्हणाली, वेगळीच. ग्रहाचं बरं असतं, तिथे कुणी पोचत नाही.

नाव काय देणार, असंही सहज विचारलं. शोधणारा स्वतःचं नाव देत नाही म्हणे, दुसऱ्या कुणाचं तरी देतो. प्रभाकर हे नाव लॅटिनमध्ये फार छान बसतं, हे मी दोनदा सांगितलं. हसली आणि चहा ठेवायला उठली. म्हणजे गाइडचं देणार. ठरलेलंच. शाळेची फी कुणी भरली, गाइडने?

जाताना बजावून गेली की जागा कुणालाही सांगायची नाही, छापायला पाठवलेल्या संशोधनाच्या पेपरमध्येही ती ढोबळच दिली आहे. बापाला विज्ञान शिकवते. सरोज म्हणाली, अहो, तिने ही गोष्ट माझ्याही आधी तुम्हाला सांगितली. मी पेपरातलं शब्दकोडं सोडवत होतो.

२८ जानेवारी
झोप नीट नाही. मला हेवा वगैरे वाटत नाही. मी आयुष्यभर आकाशाकडे बघितलं आणि हिला चिखलात सापडलं, एवढंच डोक्यात येतं.

८ फेब्रुवारी
कोलशेतच्या एका कॉम्प्लेक्सच्या हॉलमध्ये व्याख्यान. ऋजुता दीड महिना कोलकात्याला गेली आहे, तिथल्या म्युझियममधले जुने खेकडे तपासायला. त्यामुळे विषय ऐनवेळी बदलला: 'आपल्या खाडीतला जागतिक शोध'. फोटो पडद्यावर दाखवला. हॉल गच्च! मागे उभं राहायला जागा नाही! जागा अर्थातच सांगितली नाही. फक्त जेट्टीच्या डावीकडे, पडक्या पंपहाउसच्या मागे, एवढंच सांगितलं. शब्दाला मी पक्का आहे.

प्रमुख पाहुणे महेंद्रशेठ. बॅनरवर 'भावी नगरसेवक'. शाल, श्रीफळ दिलं आणि कानात म्हणाले, सर, तुम्ही आधी कुठे होतात?

१६ फेब्रुवारी
महेंद्रशेठ स्वतः घरी आले. कल्पना अशी की खेकड्याच्या जागी एक पॉइंट करायचा. लाद्या, रेलिंग, लाइटिंग, सेल्फीला जागा. मी परवानगीचं विचारलं. म्हणाले, सर, तिकडे झाडं कुठेत, नुसता चिखल आहे, चिखलाला कोण विचारतंय? तुम्ही टेन्शन नका घेऊ, एक नंबर बनवून टाकतो. संकल्पना म्हणून माझं नाव दगडात कोरणार. दगडात!

सरोज म्हणाली, ऋजुताला एक फोन करा. तिला सरप्राइज द्यायचं ठरवलंय. आपल्या बायकांना सरप्राइज कळत नाही.

२ मार्च
पाहणी. काम वेगात. डंपरने भराव टाकून चिखल बुजवला. सगळा नाही, मधे खेकड्यांसाठी टाइल्सची सुंदर टाकी ठेवली आहे. बिचाऱ्यांना पहिल्यांदाच स्वच्छ जागा मिळतेय. आज त्यातला एकही दिसला नाही. आवाजामुळे आत गेले असतील.

९ मार्च
फायबरचा खेकडा ट्रकमधून आला. रिक्षापेक्षा मोठा, लालभडक, डोळ्यांत एलईडी. मी वैज्ञानिक आक्षेप नोंदवला की नांगी जांभळट हवी. महेंद्रशेठ म्हणाले, सर, फोटोत लालच उठतो. मुद्दा विचार करण्यासारखा आहे. नंतर चहा झाला.

१५ मार्च
उद्घाटन. डीजे, ढोल, ड्रोन. कोनशिलेवर महेंद्रशेठ, त्यांचे वडील, भाऊ, मेहुणे आणि सगळ्यांच्या खाली मी. टाकी रिकामी दिसू नये म्हणून महेंद्रशेठच्या पोरांनी बाजारातून चिंबोऱ्या आणून सोडल्या. भाषणं संपेपर्यंत कुणीतरी त्या पिशवीत भरून कालवणाला नेल्या. माझं भाषण 'नव्या शोधांचे मोल' या विषयावर होतं, पण माइक मिळाला तोवर लोक आइस्क्रीमच्या गाडीकडे गेलेले.

तरी दिवस चांगला गेला. घरी येताना उगाच हुरहूर लागली. दगदग झाली असणार.

१९ मार्च
ऋजुता कोलकात्याहून परतली. सरोजला फोन आला, दुपारी सरळ खाडीवर गेली म्हणे. पुढे काय बोलली ते सरोज सांगत नाही. उद्या वाढदिवस आहे, येईलच. पॉइंट बघून थक्क झाली असेल. पहिल्यांदा जरा रागावेल, मग दगडावरचं नाव बघून विरघळेल. मुली बापावर फार वेळ रागावत नाहीत.

२० मार्च
ऋजुता आली. चपला न काढता दारातच उभी राहिली. मी पेढा पुढे केला, घेतला नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

म्हणाली, पेपर तीन तारखेलाच छापून आलाय, मी आजच्या दिवसासाठी सांगायची थांबले होते. खेकड्याला तुमचं नाव दिलंय. प्रभाकरी. खाली एक ओळही लिहिलीय, 'मला बघायला शिकवणाऱ्या बाबांना'.

खेकडे आणखी कुठे तरी असतीलच ना, असं मी विचारलं. म्हणाली, काल अंधार पडेपर्यंत सगळा काठ शोधला. एक मिळाला, लादीच्या फटीत, मेलेला.

मग मीच म्हटलं, माझं नाव काढून टाक, गाइडचं दे. खरंच मनापासून म्हटलं. ती जिना उतरायला लागली होती. तिथूनच म्हणाली, एकदा छापलेलं नाव बदलता येत नाही, तसा नियम आहे. तिने काल विचारून बघितलं.