एक नाडी, दोन व्हर्जन

नाशिक रोड, ११ नोव्हेंबर २०२५

नाही मामा, ‘अडाणी’ हा शब्द मी परत घेणार नाही. आणि यावेळी फोन कापून पळता येणार नाही, म्हणून लिहितेय. आता रीतसर: ती. गोरक्षमामांना सा. न. वि. वि.

त्र्यंबकला तुमचं कॉम्प्युटरवर जन्मपत्रिका जुळवून छापायचं दुकान, म्हणून घरातलं प्रत्येक लग्न तुमच्या प्रिंटरमधून बाहेर पडतं. माझं आणि रोहितचं तिथेच अडकलं. एक नाडी, जमत नाही, विषय संपला. पण हे सांगितलं कोणी? कॉम्प्युटरसोबत फुकट आलेल्या त्या जुनाट प्रोग्रामने! तो बिचारा रोज सकाळी स्वतःच सांगतो, मी म्हातारा झालो, नवं व्हर्जन घ्या. तुम्ही रोज ‘नंतर’ दाबता. का? तुम्ही माझ्यासाठी सुचवलेला भिकाशेठचा मुलगा अजून बिनलग्नाचा आहे ना? कुठेतरी पाणी मुरतंय, मामा.

आई तुमच्या कागदाशिवाय हो म्हणणार नाही. रोहितच्या घरचे महिनाअखेरपर्यंत थांबतील, मग दुसरी मुलगी बघतील.

लोभ वाढवू नका, आहे तेवढा टिकवा.
तेजू

त्र्यंबकेश्वर, १४ नोव्हेंबर

चि. तेजस्विनीस अडाणी मामाचे अ. उ. आ.

भिकाशेठच्या पोराचा साखरपुडा झाला, मी जेवूनही आलो. तो संशय काढ आणि माझा ऐक. तुझा रोहित दर्शनाला म्हणून आला आणि खिशातून नव्या व्हर्जनचा पेन ड्राइव्ह काढला. देवाला कोणी पेन ड्राइव्ह घेऊन येतं? नव्यात तुमची पत्रिका जुळते हे पठ्ठ्याने आधीच बघून ठेवलं असणार. शिवाय कंपनी फुकट देतेय म्हणजे काहीतरी काढून घेणार. मागे मोबाइल अपडेट केला, तर दोन दिवस कुणाचा फोन उचलता येईना.

या मशीनवर पहिली पत्रिका जुळवली ती माझी आणि तुझ्या मामीची. पंधरा वर्षं बिघाड नाही, ना मशीनला ना संसाराला. मी हात लावणार नाही.

ताईला नमस्कार. राग माझ्यावर काढ, जेवणावर नको.
मामा

त्र्यंबक स्टँड, १७ नोव्हेंबर

चि. तेजूस उज्वलामामीचे लय आशीर्वाद.

मला तुमच्या दोघांचाही भरोसा नाय. म्हणून काल हे जेवायला गेले, तेव्हा मीच नव्या व्हर्जनचं बटण दाबलं. नव्यात तुझं न् रोहितचं जुळतं गं, झकास जुळतं. मग राहवलं नाय. आमची दोघांची टाकली.

एक नाडी. जमत नाय.

हे आले, उभ्यानंच वाचलं. मग माझ्याकडं असं बघायला लागले, जसं गिऱ्हाइकाची पत्रिका बघतात. जुनं परत आणता येतं का, एवढंच विचारलं. येतं, म्हणलं. जुनं ठेवलं तर मी तुमची बायको, पण तेजूचं लग्न मोडलं. नवं ठेवलं तर तेजूचं जुळलं, न् माझं तुम्हीच बघा. तर म्हणाले, विचार करतो.

विचार! यात विचार करायचं काय होतं, तेजू?

पिशवी भरली. हरसूलला आईकडं चालले. कॉम्प्युटरची वायर पिशवीत हाय. ताईंना सांग, मशीन बंद हाय, कुणाचाच कागद निघणार नाय. खोटं नाय ते.

फोन करू नको, उचलणार नाय. गाडी लागली. निघताना ‘येते’ म्हणायची रीत हाय.

जाते.
उज्वला