बोटांची हजेरी

सिरसाळा, मंगळवार

प्रिय मित्र बद्रीनाथ यास,

जलालुद्दीनचा आधी रामराम, मागून सलाम. गेवराईत सगळे खुशाल असतील. केसरवहिनींचे गुडघे आता कसे आहेत? (तुझी तब्येत विचारत नाही, तू दोन भाकरी जास्तच खात असशील.) इकडे मात्र माझ्या जिवाला स्वस्थता नाही.

धाकटी लेक मुबश्शिरा ईदला संभाजीनगरहून आली आणि माझ्या फोनमध्ये एक परीक्षा घालून गेली. पडद्यावर दोन गोल येतात. ते रोज सकाळी दोन बोटांनी आळीपाळीनं अर्धा मिनिट दाबायचे. म्हाताऱ्याचं डोकं मंदावायला लागलं की म्हणे बोटंही मंदावतात, आणि निकाल परस्पर तिच्याकडे जातो. आता चाळीस वर्षं विहिरीवरच्या जळक्या मोटारींत नवी तार भरून (त्यातली एकटी तुझीच तीनदा!) माझ्या बोटांना असे घट्टे पडलेत की फोनला ती कळतच नाहीत. तेल लावून पाहिलं, तर फोन सुळकन निसटून पिठाच्या परातीत पडला. असला निकाल गेला तर पोरगी मला उचलून शहरात नेईल, या धास्तीनं मी फोन रोज सकाळी तुझ्या भाभीकडे, सईदाकडे द्यायला लागलो. "खेळ हाय, दाब," म्हणालो. शिलाई मशीनवर तयार झालेला हात तिचा; तिनं ते गोल असे बडवले की मुबश्शिरानं फोन करून माझं कौतुक केलं. मीही ते निर्लज्जासारखं घेतलं.

परवा पुन्हा तिचा फोन. चार महिन्यांत अब्बांची बोटं हळूहळू मंदावलीत, सोमवारी डॉक्टरला दाखवायचं. बद्री, ती बोटं तर सईदाची! मागच्या आठवड्यात सईदानं शेजारच्या यास्मिनला यास्मिनच्याच आईच्या नावानं हाक मारली होती, तेव्हा मी हसलो होतो. आता लई भीती वाटते. मुबश्शिराला खरं सांगितलं. ती आधी ओरडली, मग रडली. पण सईदा स्वतःसाठी दवाखान्याची पायरी चढणार नाही. "मला काय धाड भरलीय?" हे तिचं ठरलेलं उत्तर.

वहिनींना सलाम, लेकरांना दुवा.

तुझा,
जलालुद्दीन

ता.क. चिठ्ठीचं खरं कारण असं की आजारी मी आहे, असं सईदाला सांगितलंय. माझ्या सोबतीला ती नक्की येते. पुढचं डॉक्टर बघतील. तूही सोमवारी ये आणि तिच्यादेखत एवढंच म्हण, "जलाल लई इसराया लागलाय बे." जन्मभर माझी बदनामी फुकट केलीस, एकदा कामासाठी कर.

आणखी एक. माझ्या आजाराचं ऐकल्यापासून ती रोज सकाळी पाच भिजवलेले बदाम माझ्या हातावर ठेवते, डोक्याला चांगले म्हणून. आज तीनदा ठेवले. मी तिन्ही वेळा खाल्ले.